ऑस्टिओपॅथ म्हणवून घ्यायचा हक्क

बाबांच्या अंत्यविधीत लेस्ली बर्केट बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "एडविन थ्रेलकेल्डसारखा ऑस्टिओपॅथ केंडल गावानं दुसरा पाहिला नाही." मी पहिल्या रांगेत हातमोज्याची शिवण उसवत बसले होते. शेवटची चोवीस वर्षं बाबांना तो शब्द स्वतःसाठी वापरता आला नव्हता, आणि तो लेस्लीमुळेच.

नवा कायदा लागू झाला तेव्हा बाबा एकसष्ट वर्षांचे होते. हातांनी पाठ-सांधे बसवणाऱ्यांपैकी सरकारी नोंदणीत नाव असेल त्यानंच स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणायचं. इतरांनी म्हटलं तर गुन्हा. जुन्या लोकांनी आपल्या कामाचे पुरावे आणि एका सहकाऱ्याचं पत्र ठरल्या तारखेच्या आत पाठवायचं होतं. पत्र लेस्ली देणार होता. दुखऱ्या पाठीवर हात कसा ठेवायचा हे त्याला बाबांनीच शिकवलं होतं. पत्र गेलंच नाही. "विसरलो बघ, एडविन," एवढंच तो म्हणाला. नंतर परीक्षा देऊन नाव लावता आलं असतं. पण आपण शिकवलेल्या मुलांसमोर परीक्षेला बसायला बाबा तयार झाले नाहीत. गावात ते 'पाठीचा माणूस' म्हणून उरले. पेशंट एकेक करून लेस्लीकडे गेले.

अंत्यविधीनंतर पाच आठवड्यांनी लेस्ली माझ्या क्लिनिकमध्ये आला. मीही याच पेशातली. आम्हा सगळ्यांना दर तीन वर्षांनी एखाद्या सहकाऱ्यासमोर बसून आपल्या कामाची चर्चा करावी लागते आणि त्याची सही घ्यावी लागते. नाही तर नोंदणीतून नाव जातं. लेस्लीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सही करणारा त्याचा मित्र पित्ताशयाच्या खड्यांनी दवाखान्यात पडला होता.

"फॉर्म भरूनच आणलाय, पोरी. तू फक्त सही ठोक. चहासुद्धा नको."

"चर्चा करायची असते, मिस्टर बर्केट."

"मिस्टर बर्केट! लेस्लीकाका लेस्लीकाका करत माझ्या खिशातल्या टॉफ्या काढायचीस."

"बसा."

मी फॉर्ममधले प्रश्न क्रमानं विचारले. मानेला हात घालण्याआधी धोका सांगून पेशंटची परवानगी घेता? तसं लिहून ठेवता?

"चाळीस वर्षं माना मोडतोय. एकानंही तक्रार केली नाही."

"तक्रार करायला मान ताठ लागते."

तो खदखदून हसला. शेवटचा प्रश्न होता, आपल्या हातून झालेली एक चूक आणि तिच्यातून काय शिकलात. तो कुणाच्या तरी घोट्याची गोष्ट सांगू लागला.

"घोटा राहू दे. पत्राचं सांगा."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विसरलो नव्हतो. लिहिलेलं होतं. तारीख उलटेपर्यंत तीन आठवडे गाडीच्या कप्प्यात पडून होतं. गाव लहान, हेस्टर. आणि पंचेचाळिशी उलटली तरी लोक मला एडविनचा हाताखालचा म्हणायचे."

"मग शिकलात काय?"

"यातनं शिकायचं काय असतं?"

मी फॉर्मची घडी घालून त्याच्यापुढे सरकवली. "मी सही करणार नाही."

"खरं सांगितलं म्हणून?"

"खरं सांगितलंत, त्याबद्दल आभारी आहे."

"अगं, एकदा नाव गेलं की परत लावायला महिने जातात. मी एकाहत्तरचा आहे. आता एका दिवसात दुसरं कोण मिळणार मला?" तो उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "एडविन असता तर त्यानं सही केली असती."

"केली असती. तुमच्यावर असाच विश्वास टाकला, म्हणूनच ते पाठीचा माणूस राहिले."

काही आठवड्यांनी मी नोंदणीच्या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधलं. नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या रस्त्यानं गेले. लेस्ली शिडीवर उभा राहून दारावरच्या फलकातला तो एक शब्द काळ्या चिकटपट्टीनं झाकत होता. वारा होता, पट्टी बोटांनाच चिकटत होती. बघून मला वाईट वाटेल अशी थोडी धास्ती होती. वाटलं नाही.

त्यानं वळून पाहिलं. "जरा शिडी धरतेस का?"

"नाही," मी म्हणाले, आणि शेवटचं अक्षर झाकलं जाईपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभी राहिले.