काजूच्या हद्दीवर शुक्र आणि गुरू

एक मेच्या पहाटे पावणेपाचला सुगंधा बॅटरी घेऊन कातळाच्या सड्यावर चढली, तेव्हा तिच्या काजूच्या बागेच्या हद्दीवर कोणीतरी तिपाई रोवून उभा होता. तिपाईवर यंत्र, यंत्राला डोळा लावलेला. आमच्या भागात भल्या पहाटे कातळावर तिपाई घेऊन उभा राहणारा माणूस एकाच कामाला आलेला असतो, आणि ते काम म्हणजे मोजणी. सुगंधाने काजू वेचायच्या पाटीतला कोयता हातात घेतला.

तिच्या संशयाला कारण होतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि डोंबिवलीला राहणाऱ्या तिच्या दिराला, सुदेशला, अचानक बागेची माया आली होती. त्याने तहसीलला अर्ज दिला होता: बाग पडीक आहे, वहिनी तिकडे फिरकतही नाहीत, सबब मोजणी करून जमीन माझ्या ताब्यात द्यावी. गुरुवारी सुनावणी होती. सुगंधाने हंगामातली एक पहाट चुकवली नव्हती. साळिंदराच्या आधी पोचलं नाही तर पडलेले काजू हाती लागत नाहीत. पण हे सांगायला साक्षीदार हवा होता, आणि गावातल्या सगळ्यांना नेमकी गुरुवारीच कामं निघाली होती. शेजारची मथुरा म्हणाली, "माका ऑफिसात बोलूक जमना नाय गो." हीच मथुरा ग्रामसभेत तास तास बोलते.

"कोण रे तू? सुदेशान धाडलो तुका?"

माणूस दचकला. "मी रॉयडन, काकी. आरोंद्याचो. शाळेत विज्ञान शिकवतंय. ग्रहांचो फोटो काढूक इलंय."

"आणि ग्रह माझ्याच बागेत बरे गावले तुका?"

रॉयडनने खुलासा केला. शुक्र आणि गुरू आज अगदी चिकटून दिसणार, ते उगवणार पूर्वेला, घरी पूर्वेला माड आडवे येतात आणि समुद्र पडला पश्चिमेला. मुलांना शाळेत फोटो दाखवायचं त्याने कबूल केलं होतं. "वर बघा. आणि जरा बॅटरी बंद करा, उजेडान फोटो बिघडतलो."

सुगंधाने वर बघितलं नाही. उजेड नको म्हणणारा माणूस सरळ असेल यावर तिचा विश्वास नव्हता. "यंत्र वर कित्याक लावलंस ता माका ठावक आसा. आता मोजणी वरसूनच करतत." असं म्हणून ती यंत्रासमोर गेली, हद्दीच्या दगडावर एक पाय ठेवला आणि उभी राहिली. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात बॅटरी.

रॉयडनने विनवण्या केल्या. यंत्र उजवीकडे सरकवलं, सुगंधा उजवीकडे सरकली. डावीकडे नेलं, ती परत दगडावर आली. पूर्वेला फटफटायला लागलं, तसा त्याने नाद सोडला आणि ती आहे तशीच ठेवून बटण दाबलं. दोन सेकंद तरी समोरच्याने हलू नये, नाहीतर चित्र पुसट येतं. सुगंधा पापणीसुद्धा न हलवता उभी राहिली. राग आल्यावर ती कधीच हलत नसे.

त्याने तिला पडद्यावर फोटो दाखवला. वर दोन टपोरे दिवे एकमेकांना लागून, खाली काजूचं झाड, आणि मधे सुगंधा. बॅटरीचा उजेड पायाखालच्या दगडावर पडला होता आणि त्यावर कोरलेला बागेचा सर्व्हे नंबर स्वच्छ वाचता येत होता.

सुगंधाने पहिल्यांदा वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हेच्यात तारीख असता?"

"असता. पण कॅमेऱ्यातली तारीख बदलूक येता, काकी."

"आणि हेंची?" तिने कोयता आभाळाकडे केला.

"हेंची नाय येणा."

"मग गुरवारी तुका माझ्यावांगडा तहसीलीत येवक होया," सुगंधा म्हणाली. कोयता अजून हातात असल्यामुळे रॉयडन हो म्हणाला.

गुरुवारी सुनावणीत सुदेश तहसीलदार साहेबांना म्हणाला, "फोटो कधीचाही असू शकतो." रॉयडनने वर्गात सांगावं तसं सांगितलं की हे दोन ग्रह इतके जवळ फक्त त्याच पहाटे होते, आणि पंचांग पुढे केलं. साहेबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"या बाई इतक्या चिडलेल्या का आहेत?"

"मी मोजणीवाला आहे असं त्यांना वाटलं, साहेब."

"पडीक जमिनीसाठी पहाटे पाचला कोणी इतकं चिडत नाही," साहेब म्हणाले आणि अर्ज फेटाळला.

बाहेर एस्टीची वाट बघताना सुगंधाला रडू आलं. ते तिला स्वतःलाच आवडलं नाही, म्हणून तिने पदराने तोंड खसाखसा पुसलं.

"गावातलो एक जण इलो नाय रे," ती म्हणाली. "आणि हे दोगे बघ. खंयसून खंय, पण माझ्यासाठी एकठय इले."

ते दोघे एकत्र आलेच नव्हते. नुसते तसे दिसले होते. दोघांमधे साठ-सत्तर कोटी किलोमीटर अंतर होतं, आणि मुलांना हेच समजावायला रॉयडनला तो फोटो हवा होता. त्याने तोंड उघडलं.

"होय, काकी," तो म्हणाला. "इले खरे."