कपाटातली ओवी

डॉक्टर सुचित्रांनी मेसेजमध्ये एवढंच लिहिलं होतं: ‘ओवीला खरं ते सांगा. पुण्याच्या एक मावशी आहेत, मुलांच्या मनाबद्दल त्यांना कळतं, त्या तुला स्क्रीनवर भेटणार आहेत. आमिष नको, धाक नको. ती बोलली नाही तरी चालेल.’

विभाला वाटलं, आपल्याच लेकीला सांगायचं, यात अवघड ते काय? पण शनिवार उजाडेपर्यंत त्या साध्या सांगण्याचा पार विचका झाला होता.

पहिला घोळ तिच्या नवऱ्याने, नंदकिशोरने घातला. तो जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा आणि घरातली प्रत्येक अडचण शनिवार-रविवारात सुटावी अशी त्याची अपेक्षा असे. त्याने ओवीला सांगितलं, ‘‘एक गेम आहे. मावशी प्रश्न विचारणार, तू पटापट उत्तरं द्यायची. सगळी दिलीस तर आपण मत्स्यालयात जाऊ.’’

दुसरा घोळ पुण्याहून आला. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर नातीला जवळ बोलावलं आणि लाडाने म्हणाल्या, ‘‘डॉक्टरकाकू आता आमच्या बबडीला बोलकं करणार हं! नाही बोललीस तर टोचतील बरं का.’’

‘‘आई, अहो कोणी टोचत नाही,’’ विभा मागून ओरडलीच.

‘‘अगं, गंमत केली. तू लगेच किती मनावर घेतेस!’’

ओवीने मात्र गंमत म्हणून घेतलं नव्हतं. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात शिरून तिने सरकतं दार ओढून घेतलं. जपानी घरांत ही कपाटं चांगली ऐसपैस असतात. भाड्याने घर घेताना विभाला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! आता त्या कपाटाला कुलूप घालावं असं तिला रोज वाटे.

ओवी दुसरीत होती. घरात तिच्या तोंडाला खळ नसे. मराठीत भांडायची, जपानीत गाणी म्हणायची, झोपेतसुद्धा बडबडायची. शाळेत मात्र पहिलीपासून तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. बाई म्हणायच्या, ‘‘ओवी-चान फार शांत आहे. काही त्रास नाही.’’ बाईंना त्रास नव्हता, हे खरंच होतं. मग ऑक्टोबरात एकदा भर वर्गात तिची पँट ओली झाली. बाथरूमला जायचंय हे तिला सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या पँटमध्ये घरी आलेली ओवी दप्तर न काढताच जिन्यात बसून राहिली, तेव्हा विभाने ठरवलं की आता ‘होईल हळूहळू’ पुरे झालं. इथल्या दवाखान्यात लवकर नंबर लागेना, आणि मराठीही कळेल आणि हा प्रकारही कळेल असं कोणी सेंदाईत मिळणं शक्य नव्हतं. मैत्रिणीने सुचित्राबाईंचं नाव दिलं.

तर शनिवारी जेवणं झाल्यावर नंदकिशोरने टेबल खिडकीसमोरून हलवलं. मग परत खिडकीसमोर नेलं. मग लॅपटॉपखाली कुकरचं खोकं ठेवलं.

‘‘कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा,’’ तो म्हणाला.

‘‘कोणाच्या डोळ्यांच्या? ती कपाटात आहे!’’

‘‘बाहेर येईल. आपण एक रिहर्सल करू. मी डॉक्टर होतो.’’ आणि तो खरंच कपाटाच्या दारासमोर मांडी घालून बसला आणि आवाज बारीक करून म्हणाला, ‘‘हॅलो ओवी! तुझं आवडतं फळ कोणतं?’’

आतून आवाज आला, ‘‘इयादा.’’

नको. या एका शब्दावर गेला आठवडाभर त्यांचं घर चाललं होतं. कपडे बदल, इयादा. केस विंचरू दे, इयादा. विभाने चित्रांचे कागद, खडू, पाण्याची बाटली, सगळं सुचित्राबाईंनी सांगितल्याप्रमाणे मांडून ठेवलं होतं. फक्त जिच्यासाठी मांडलं होतं तिचा पत्ता नव्हता. वर हा माणूस फळं विचारत बसला होता. विभाचं डोकं भणभणलं.

‘‘नंदू, तू ऊठ. स्टेशनवर जा, कोंबिनीच्या दुकानात जाऊन कॉफी पी, कुठेही जा. पण इथून ऊठ.’’

‘‘मी मदत करतोय.’’

‘‘तेच म्हणतेय मी. नको करूस.’’

तो तणतणत स्वयंपाकघरात गेला. विभा दाराला पाठ टेकून खाली बसली. समजावून झालं होतं, रागावून झालं होतं, लाडीगोडी झाली होती. ती नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने आत उशी सरकल्याचा आवाज आला.

‘‘आई, मी त्या मावशीशी नाही बोलले तर मी पुण्याला जाणार ना?’’

विभाला आधी कळलंच नाही. ‘‘काय म्हणालीस?’’

‘‘बाबा म्हणाले. फोनवर आजीला. इथे नाही बोलत तर तिला तिकडेच पाठवतो, मराठी शाळेत. तू आणि बाबा इथेच राहणार.’’

आठवडाभर ही पोरगी आत बसून काय घोकत होती! आणि आपण तिला सांगत होतो, तुला हवं तरच बोल, नाहीतर राहू दे. म्हणजे तिच्या हिशेबाने, राहू दे म्हणजे सामान बांध.

ती उठून तरातरा स्वयंपाकघरात गेली.

‘‘तू आईंना सांगितलंस ओवीला पुण्याला पाठवू म्हणून?’’

नंदकिशोर कप विसळत होता. ‘‘अगं, ते त्या पँटच्या दिवशी... वैतागलो होतो. तोंडातून निघून गेलं.’’

‘‘तिने ऐकलंय.’’

त्याने नळ बंद केला. त्याचा चेहरा असा उतरला की विभाच्या तोंडाशी आलेले चार शब्द तिने गिळले. सगळे नाही. ‘‘आता तू जा आणि सांग तिला. गेम नाही, मत्स्यालय नाही. जे आहे ते सांग.’’

तो पुन्हा त्या दारासमोर बसला. या वेळी आवाज त्याचा स्वतःचा होता. ‘‘ओवी, मी चुकीचं बोललो. मी घाबरलो होतो म्हणून. तुला कुठेही पाठवणार नाही. तू शाळेत कधीच नाही बोललीस तरी नाही.’’

‘‘होंतो?’’

‘‘खरंच.’’

‘‘आणि टोचणार?’’

‘‘नाही गं. त्या स्क्रीनमध्ये असतात. टोचतील कशा?’’

दार काही उघडलं नाही. तेवढ्यात लॅपटॉप किणकिणला. विभाने कपाळाला हात लावला आणि विस्कटलेल्या केसांनिशी स्क्रीनसमोर जाऊन बसली. समोर चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या बाई होत्या. मागे भिंतीवर पाल चालली होती.

‘‘सॉरी डॉक्टर, ती कपाटात आहे. येत नाहीये. आम्ही खूप प्रयत्न केला, पण...’’

‘‘असू दे. कपाटातून ऐकू येतंय ना तिला? मग झालं. तुम्ही मला सांगा, ओवीला काय काय आवडतं?’’

विभा सांगायला लागली. चित्रं आवडतात, ससा आवडतो, शाळेत मैत्रीण नाही, जेवताना एकटीच...

‘‘चिगाऊ!’’

‘‘चूक म्हणतेय ती,’’ विभा कुजबुजली.

सुचित्राबाई ओवीशी थेट बोलल्या नाहीत की शाबासही म्हणाल्या नाहीत. ‘‘बरं, आईंचं काहीतरी चुकलं. ससा चुकला असेल.’’

‘‘ससा नाही! मैत्रीण आहे. मिओ-चान. आम्ही जेवताना बोलत नाही, पण ती तिचं गाजर मला देते.’’

दीड वर्षात मिओ-चान हे नाव विभाने एकदाही ऐकलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. मला का नाही सांगितलं? मग तिच्या ध्यानात आलं, आपण रोज विचारत होतो ते एवढंच, की आज बोललीस का.

‘‘विभाताई,’’ सुचित्राबाई म्हणाल्या, ‘‘मला त्या कपाटासमोर ठेवा. आणि तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन या.’’

लॅपटॉप जमिनीवर ठेवून दोघं बाल्कनीत जाऊन उभे राहिले. थंडी बोचत होती, कोट आत राहिले होते. काचेतून काही ऐकू येत नव्हतं. एवढा जीव आटवून सगळी तयारी करायची आणि ऐन वेळी आपल्यालाच बाहेर काढायचं, हे विभाला पटत नव्हतं. नंदकिशोर काचेला नाक लावून होता. ‘‘दार थोडं सरकलंय,’’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘हात दिसतोय.’’ विभाने त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि स्वतः वाकून पाहिलं.

आत बोलावलं तेव्हा दोघांची नाकं लाल झाली होती. सुचित्राबाईंनी एवढंच सांगितलं, की ओवीने एक गोष्ट ठरवली आहे. बाथरूमला जायचं असेल तेव्हा ती खोडरबर बाकाच्या कोपऱ्यावर ठेवेल. बाईंनी ते बघायचं आणि मान हलवायची. बाकीचं सावकाश. ‘‘पुढच्या वेळेस इतकी तयारी करू नका,’’ त्या हसून म्हणाल्या, आणि विभाला क्षणभर लॅपटॉप मिटावासा वाटला.

सोमवारी तिने बाईंना गाठलं. बाईंनी दातांतून हवा ओढत ‘‘हं, बाकीच्या मुलांनीही असंच केलं तर...’’ सुरू केलं. एरवी विभा अर्ध्यातून माघारी आली असती. त्या दिवशी ती मोडक्या जपानीत तेच तेच सांगत उभी राहिली, शेवटी बाईंनी होकार भरेपर्यंत.

गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला. बाई म्हणाल्या, आज तिसऱ्या तासाला ओवी-चानने खोडरबर कोपऱ्यावर ठेवला. मी मान हलवली. ती गेली आणि परत आली. एवढंच कळवायचं होतं.

विभाने लगेच नंदकिशोरला प्रयोगशाळेत फोन लावला.

‘‘म्हणजे बोलली?’’ त्याने विचारलं.

‘‘नाही. बाथरूमला जाऊन आली.’’

पलीकडे मशीनची घरघर बंद झाली. मग तो म्हणाला, ‘‘बरं झालं.’’ आणि विभा त्यावर काही वाकडं बोलली नाही.