बटण बंद आढळले

मोटारसायकलवाल्यांबद्दल तपासनीस साहेबांचं मत विचारायला कोणी जात नसे, कारण ते न विचारताच मिळे. अपघातातल्या गाड्या आणून ठेवायच्या आवारात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. कोणाची चूक, हे अहवालात लिहायचं काम त्यांचं. दोन चाकं दिसली की त्यांना चूक सापडे, उरलेला वेळ चहाला.

"ही मंडळी मरायला घरातून निघतात," ते म्हणत, "आणि वाटेत एखाद्या भल्या माणसाला गाठतात."

बरं, हे नुसतं तोंडाचं नव्हतं, पुरावा होता. तिन्हीसांजेच्या अपघातातल्या शंभरातल्या सत्तर मोटारसायकली बिनदिव्याच्या! बटण बंद! (उरलेल्या तिसांचं बटणच चुरडलेलं.) स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नोंदवलेलं. हा आकडा त्यांनी शाळांत सांगितला, सभांत सांगितला, आणि मुलीला मागणी घालायला एक तरुण मोटारसायकलवरून आला तेव्हा त्याच्या आईवडिलांसमोरही सांगितला. बिचाऱ्याने गाडी विकली. आता तो सासरी येतो तो पोर मांडीवर घेऊन, दोन बस बदलून, आणि सासरे दारातच म्हणतात, "जीव वाचवला तुमचा." जावई मान डोलावतो.

त्या सकाळी कुबडी टेकत एक बाई आवारातल्या त्यांच्या खोलीत आली. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करणारी ती परिचारिका. महिन्यापूर्वी तिन्हीसांजेला ती मोटारसायकलवरून सरळ रस्त्याने येत असताना समोरच्या मोटारीने तिच्यापुढे आडवं वळण घेतलं. मोटारवाला म्हणाला, हिचा दिवाच नव्हता, मला दिसणार कशी? साहेबांनी लिहिलं, 'दिव्याचे बटण बंद आढळले.' आज दुपारी सुनावणी होती. हा अहवाल असाच राहिला तर तिचा गाडी चालवायचा परवाना जाणार होता, आणि परवाना गेला की डोंगरापलीकडची अकरा घरं कोण फिरणार?

"दिवा चालू होता, साहेब," ती म्हणाली.

"सगळ्यांचाच असतो, बाई. इथे येईपर्यंत विझतो." साहेबांना स्वतःचा विनोद आवडला. "मी स्वतः पाहिलं. बटण बंद."

"मी तर गाडीखाली होते. मग बंद कोणी केलं?"

"भुताने केलं असेल. नाचता येईना अंगण वाकडं!" त्यांनी तिच्या प्लास्टरकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तेही तिने हौसेने घालून घेतलं होतं.

तेवढ्यात फाटकातून गाडी ओढून आणणारा ट्रक आत आला. मागे एक मोटारसायकल, हँडल मुरगळलेलं, पुढचं चाक वाकलेलं, आणि भर सकाळी दिवा ढणढणा जळतोय. आवाराचा राखणदार, ज्याला लहानथोर सगळे मामा म्हणत, दाराबाहेरच्या खुर्चीतून उठला. ट्रकवाल्याशी दोन शब्द नाहीत, गाडीला फेरी नाही. तो थेट हँडलाशी गेला, अंगठ्याने दिवा बंद केला, किल्ली फिरवली आणि परत येऊन बसला. वाहता नळ दिसला की घरातली बाई जसा सहज बंद करते, तसा.

हातच्या कांकणाला आरसा कशाला?  साहेबांचा चहाचा कप ओठांपर्यंत पोचला नाही.

"मामा," साहेब म्हणाले, "हे काय केलंत?"

"बॅटरी उतरते ना, साहेब. तुम्हीच सांगितलंत. गाडी आली की आधी बटणं बंद."

"कधी सांगितलं?"

"मी नवा होतो तेव्हा. बावीस वर्षं झाली. एकदाही चुकलो नाही."

साहेब आणलेली गाडी दुपारच्या चहानंतर तपासत. भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं, त्यात बावीस वर्षांचं 'बंद आढळले' गच्च बसलेलं. म्हणजे अंगठा मामाचा, हुकूम यांचा, आणि चूक मेलेल्याची किंवा लंगड्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही सहीशिक्क्यानिशी! आणि एवढा शहाणा माणूस जन्मभर लोकांना अक्कल वाटत फिरला.

साहेबांनी घसा खाकरला. लाज वाटली असेल, असं कोणाला वाटेल. छे! ते वाट शोधत होते. "बाई, तुमच्यापुरतं मी बदलतो. 'दिवा बहुधा चालू असावा.' संशयाचा फायदा देतो तुम्हाला."

"उपकार नकोत. बटण तुमच्या माणसाने बंद केलं, असं लिहा."

"त्या एका ओळीने किती कागद उघडतील, कल्पना आहे तुम्हाला?"

"मला नाही. तुम्हाला आहे."

साहेब मामाकडे वळले. आवाज एकदम मऊ. "मामा, नीट आठवा. ह्यांच्या गाडीचं बटण तुम्ही बंद केलं होतंत का? आठवत नसेल तर सरळ नाही म्हणा."

"त्यात आठवायचं काय? सगळ्यांचीच मी करतो. ह्यांचा दिवा तर डोळ्यांवर येत होता."

"हे लिहून द्याल, मामा?" परिचारिकेने विचारलं.

मामा आत आला. बावीस वर्षांत साहेबांसमोरच्या खुर्चीवर तो पहिल्यांदा बसला. साहेबांचंच पेन घेऊन त्याने सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गाडी आली तेव्हा दिवा जळत होता. मी बंद केला. इतर गाड्यांचं विचारल्यास तेही सांगेन.'

"ते शेवटचं खोडा," साहेब म्हणाले.

"खरं आहे ते, साहेब." मामाने सही केली.

परिचारिकेने कागद घडी करून पिशवीत ठेवला. तिने मामाचे हात हातात धरले, साहेबांकडे बघितलंही नाही, आणि कुबडी टेकत सुनावणीला निघून गेली.

साहेब कपाटासमोर उभे राहिले. "बावीस वर्षं, मामा! एकदाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

मामाला प्रश्नच कळेना.

"काय सांगायचं, साहेब? मला वाटलं, तुम्ही तपासता."