शिवण मात्र पक्की

"अहो, हा कोंबडा बघा, हा!" हेडक्लार्कसाहेबांनी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. डबे उघडे टाकून सगळं ऑफिस भोवती जमलं.

पडद्यावर माणसाएवढा कोंबडा माइक गिळायला निघाल्यासारखा किंचाळत होता, "मी जिवंत आहे, साहेब! दाखला द्या!" मागे तीन कोंबड्या गिटारी आणि ड्रम बडवत होत्या. मध्येच सगळं थांबलं, कोंबडा अंगाईच्या सुरात अर्जाचे रकाने गाऊ लागला आणि पुन्हा कानठळ्या.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसणारा कारकून तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहिला. पोशाखातला कोंबडा तो स्वतःच होता. खिडकीवर त्याचा आवाज समोरच्याला धड ऐकूही येत नसे.

"कोण असतील हो ही येडी?" टायपिस्टबाईंनी नेमकं त्यालाच विचारलं.

"असतील कुणीतरी रिकामटेकडे." एवढ्यावर भागलं असतं. पण सगळे हसले आणि त्याला चेव आला. "आणि ती पिसं बघा! घरातल्या बाईनं जुने पडदे फाडून शिवलेली दिसतायत. भिकार नुसती!"

हसता हसता त्याने मान वळवली. दारात त्याची ताई उभी होती. सकाळी तो घरी विसरून आलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या हातात होत्या.

नवरा गेल्यापासून ताई धाकट्या भावाकडेच राहायची, शिवणकाम करायची. त्याच्या बँडचे सगळे पोशाख तिनेच शिवलेले. या एका पोशाखाची पिसं तिने तीन महिने बसून एकेक कापली होती. पडदे तिच्या संसारातले होते.

"या ताई, तुम्हीपण बघा गंमत," साहेब म्हणाले.

ताईने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. "शिवण मात्र पक्की आहे हो," ती म्हणाली. गोळ्या भावाच्या टेबलावर ठेवल्या. "वेळेवर घे." आणि निघून गेली.

रात्री जेवताना तो म्हणाला, "ताई, दुपारचं ते..."

"आमटीत मीठ कमी पडलंय का रे?"

दुसऱ्या दिवशी तो हिय्या करून साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, तो कोंबडा..."

"अहो, बायको पोट धरून हसली काल! बोला, काय काम काढलंत?"

"काही नाही. या फाईलवर सही हवी होती."

रविवारी दुपारी कार्यक्रम होता. पोशाख चढवताना त्याच्या हाताला गळ्यापाशी मऊ कापड लागलं. मागच्या वेळी मान काचल्याचं तो बोलला होता. हे अस्तर नवं होतं.

तो गायला. माणसं हसली, नाचली. पण पहिल्या रांगेत, दर वेळी ताई बसायची त्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती. गाणं संपताच कोंबड्याचं डोकं काखेत मारून तो खाली उतरला. ताई शेवटच्या रांगेत, दाराजवळ सापडली.

"पुढे का नाही बसलीस?"

"तुझ्या ऑफिसातलं कुणी आलं असतं तर? मला आता ओळखतात ते. मग तुलाही ओळखलं असतं."

ताईने पर्समधून सुईदोरा काढला.

"वळ बघू. खांद्यावरचं एक पीस सुटलंय."

माणसं बाजूने बाहेर पडत होती. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तोंड दाखवावं लागत नव्हतं, याचंच त्याला बरं वाटलं.