मुकादमाचा पाय

शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या त्या दोघी बहिणी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. तरी दुकान चालत होतं, कारण बोलायला कुत्रा होता.

"मुकादम, सांग तिला, अस्तर संपलंय," थोरली कापायच्या टेबलावरून म्हणायची.

मशीनवर बसलेली धाकटी मान वर न करता म्हणायची, "मुकादम, तिला म्हणावं, कालच आणून ठेवलंय. डोळे असतील तर दिसेल."

उंबऱ्यात पसरलेला तो पिवळा, जाड मानेचा कुत्रा आधी इकडे बघायचा, मग तिकडे, आणि पुन्हा पंजांवर डोकं टेकायचा. बिचाऱ्याला वाटत असणार, किती बोलतात ह्या माझ्याशी!

भांडण आईवरून. आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. ती गेली त्याच आठवड्यात थोरली चार पाहुण्यांसमोर बोलून गेली, "सगळं मीच केलं हो." धाकटी म्हणाली, "हो का? आणि मी काय झोपा काढल्या?" झालं. तिथून तोंडाला कुलूप. केलं दोघींनीही होतं, पण हे त्यांना सांगणार कोण? एकीच्याही नाकावर माशी बसायची सोय नाही.

एका दुपारी कापडाचे तागे घेऊन आलेली गाडी मागे येत होती, फाटक उघडं होतं, आणि मुकादम नेहमीसारखा देखरेखीला बाहेर गेला. मागचा उजवा पाय चाकाखाली आला. फाटक धाकटीनेच उघडं टाकलं, याबद्दल थोरलीला तिळमात्र शंका नव्हती. धाकटीला थोरलीबद्दल नव्हती. गाडीवाल्याने उघडलं असेल, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. शिव्या घालायला घरचं माणूस हाताशी असताना बाहेरच्याला कोण विचारतो?

थोरली त्याला चादरीत गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी हाडाला धातूची पट्टी बसवली आणि चार दिवस ठेवून घेतलं. त्या चार दिवसांत दुकानात एक शब्द उमटला नाही. शाळेने यंदा गणवेशाला पांढरी बटणं सांगितली होती, धाकटीने चाळीस शर्टांना निळी लावली. थोरली समोर बसून बघत होती, एकेक बटण लागताना बघत होती. पण सांगणार कुणामार्फत? शाळेने शर्ट परत पाठवले. उसवण्यात दोन दिवस गेले, आणि तेही दोघींनी पाठीला पाठ लावून उसवलं.

मुकादमाला घरी सोडताना बाईंनी थोरलीला बजावलं होतं, "सहा आठवडे. उडी नाही, पळणं नाही. पट्टा धरून पाच मिनिटं फिरवायचं, सकाळ-संध्याकाळ. दुखण्याची गोळी सकाळी एक. एकच हं. थोडं दुखू दे त्याला. दुखलं तरच तो पाय जपेल."

घरी येऊन हे मुकादमाला सांगितलं असतं, तर धाकटीच्या कानावर आपसूक गेलं असतं. थोरलीने नाही सांगितलं. का सांगावं? आता कशाला पुळका हवाय?

ती सहाला उठायची. पावाच्या तुकड्यात गोळी लपवून भरवायची. अस्तराच्या जाड कापडाचा एक झोळणा तिने शिवला होता. तो त्याच्या पोटाखालून घालायचा, वरून दोन्ही टोकं धरायची आणि त्याच्या मागच्या अंगाचा भार आपल्या हातांवर घेत फाटकापर्यंत जायचं. "टाक रे राजा. टाक पाय. कुणी बघत नाही." पहिल्या आठवड्यात पाय नुसता लोंबत राहिला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याने बोटं टेकली, आणि भल्याभल्यांना फैलावर घेणारी ही बाई फाटकाशी उभी राहून ढसाढसा रडली. या कुत्र्याइतकं तिचं जगात कुणी नव्हतं. उघडच सांगायचं तर तिने कुणाला ठेवलंही नव्हतं.

आठाला दुकान उघडताना धाकटीही त्याला पावाचा तुकडा भरवताना दिसायची. 'लाच देतेय,' थोरली मनात म्हणायची. 'फाटक उघडं टाकलं आणि आता पाव चारतेय. दे दे. कुत्र्याला कळतं कोण आपलं ते.' मग धाकटी त्याला घेऊन फाटकापर्यंत जायची, तेव्हा थोरली मुद्दाम कैची आपटायची. विचारलं मात्र नाही. विचारायचं म्हणजे हरायचं.

तिसऱ्या आठवड्यात मुकादम चारही पायांवर चालायला लागला. लंगडणं नाही, कण्हणं नाही. जेवण तेवढं कमी झालं होतं, आणि त्याचं खापर थोरलीने त्या आठाच्या पावावर फोडलं. "मुकादम, सांग लोकांना," ती टेबलावरून मोठ्याने म्हणाली, "मी आहे म्हणून उभा आहेस."

"मुकादम," मशीनवरून उत्तर आलं, "लोकांना म्हणावं, उगाच बढाया मारू नका."

त्याच दुपारी गल्लीतून एक परका कुत्रा शेपटी वर करून गेला. मुकादम उठला, भुंकला आणि धावत जाऊन त्याने पायरीवरून थेट रस्त्यावर उडी घेतली. थोरलीच्या हातातली कैची खाली पडली. तो ज्या आवाजात ओरडला, तो ऐकून समोरचा केशकर्तनालयवाला अर्धी दाढी टाकून बाहेर आला.

या वेळी दोघी गेल्या. गाडीत मध्ये कुत्रा, एका खिडकीशी ही, दुसऱ्या खिडकीशी ती.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला. पट्टी वाकली होती, दोन स्क्रू निघाले होते. "हा पळालाच कसा? इतक्यात पळायची हिंमत होत नाही त्यांची. गोळ्या किती देत होतात?"

"एक," दोघी एकदम म्हणाल्या.

बाईंनी दोघींकडे पाहिलं. "कधी?"

"सहाला," थोरली म्हणाली.

"आठाला," धाकटी म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी इथे येऊन कंपाउंडरला सगळं विचारून माझ्या वेगळ्या गोळ्या नेल्या होत्या. मला कोण सांगणार होतं?"

"आणि फिरवणं?"

"सकाळ-संध्याकाळ," दोघी पुन्हा एकदम म्हणाल्या.

"म्हणजे सगळं दुप्पट," बाई म्हणाल्या. "दुखणं मारलंत, पोटाची वाट लावलीत, आणि त्याला वाटलं, आपण बरे झालो. अहो, एका घरात राहता ना तुम्ही?" त्यांनी फोटो टेबलावर टाकला. "हाड पुन्हा जोडता येईल. आठ आठवडे लागतील, आणि या वेळी एकही चूक चालणार नाही. नाहीतर पाय काढायचा. तीन पायांवर कुत्री मजेत जगतात. बाहेर बसा, ठरवा, मला एकच उत्तर द्या."

बाहेर एक बाक होतं. दोघी दोन टोकांना बसल्या. मधली जागा रिकामी होती, आणि आतून त्याचं कण्हणं येत होतं.

"जोडू या," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. चार वर्षांनी.

"मग बघणार कोण?"

"मी बघेन."

"तूच का? मी काय मेलेय?"

"तुझ्याच्याने एक फाटक लावणं झालं नाही!"

"फाटक तू उघडं टाकलंस! आणि सांगितलं असतंस गोळीचं, तर? पण नाही. सगळं श्रेय तुला हवं. आईच्या वेळीही हेच केलंस."

"आईचं नाव काढू नकोस—"

इथे थोरली थांबली. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस, रोज सकाळी एक साधा प्रश्न विचारायचा, 'गोळी दिली का?' आणि रोज त्याचं सरळ उत्तर घ्यायचं. बोलायला लागून एक मिनिटही झालं नव्हतं. तिने बहिणीकडे पाहिलं. धाकटी रडत होती, आणि तिचा राग रडण्याने जराही कमी झाला नव्हता. थोरलीचाही नव्हता.

"आपल्याला नाही जमायचं," थोरली म्हणाली.

धाकटीने पदराने नाक पुसलं. "नाही," ती म्हणाली.

थोरली उठून आत गेली. मुकादम टेबलावर आडवा होता. तिला बघून त्याने शेपटी दोनदा आपटली.

"काढा पाय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "अहो, जुळण्यासारखं हाड आहे. दोघींचं एकमत आहे ना? नक्की?"

"आहे," दारातून धाकटी म्हणाली.