शहामृग नोव्हायला आलं

साउथ आफ्रिकेत एक नाटक आहे, आफ्रिकान्स भाषेतलं. डच लोक तिकडे गेले, त्यांची बोली तिथल्या मातीत रुजून वेगळीच झाली, ती ही भाषा. मला तरी कुठे माहीत होतं! माझी नात इला इथे अमेरिकेत, नोव्हायला, गाड्यांचे ब्रेक डिझाइन करते. तिच्या ऑफिसात कोबस नावाचा उंच, लाजरा मुलगा आहे. त्याच्या आजोबांनी हे नाटक लिहिलं.

गोष्ट सोपी. मामाच्या शेतावर भाचीचा साखरपुडा असतो. मामाचं लाडकं शहामृग अंगठी गिळतं. सासरची मंडळी दारात गाडीतून उतरतायत. आता अंगठी शहामृगाच्या पोटातून बाहेर येईपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नाही, आणि शहामृगावरची नजर एक मिनिट हलवायची नाही. बास. दोन अंक लोक पोट धरून हसतात.

इलानं ठरवलं, हे मराठीत करायचं. पोरगी इथेच जन्मलेली, मराठी कशीबशी वाचते. वर्षभर दर शनिवारी आमच्या किचनमध्ये बैठक. कोबस आफ्रिकान्सचं इंग्लिश करायचा, इला इंग्लिशचं मराठी करायची, आणि मग माझ्यापुढे कागद सरकवायची. "आजी, हे करेक्ट आहे, पण फनी नाहीये. फनी कर ना!" मी करायचे. एकदा मी विचारलं, एवढी मरमर कशासाठी गं? तर म्हणाली, "आजी, मराठी मंडळात आम्हा मुलांना फक्त डान्स करायला लावतात. धिस वन इज माइन."

पण परवानगी कोबसच्या आईच्या हातात. मारिएटाबाई. रिटायर्ड शाळामास्तरीण, आता लेकाकडेच राहते. पाठ अशी ताठ की भिंतीला टेकली तर भिंत सरळ होईल. याआधी दोन जणांनी हे नाटक इंग्लिशमध्ये करायचं म्हणून तिला विचारलं होतं. एकानं शहामृगाचा पोपट केला. दुसऱ्यानं शहामृगाचा पाठलागच कापला, ड्रेस महाग पडतो म्हणून. दोघांनाही बाईनं घरचा रस्ता दाखवला. इलाला म्हणाली, "एक प्रयोग करा. मी बघेन. वडिलांचं एक वाक्य जरी कापलंत, तर हाच शेवटचा. आवडलं, तर मराठी नाटक कायमचं तुझं." श्रूजबरी गावच्या मराठी मंडळाचा फोन आधीच येऊन गेला होता, आमच्याकडे कधी आणता म्हणून. सगळं त्या एका रविवारावर लटकलेलं.

शाळेचं ऑडिटोरियम घेतलं होतं. दुपारी तीनचा प्रयोग, सहाला हॉल रिकामा करायचा. पडदा उघडण्याआधी नाटकाचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे. इला सकाळपासून उपाशी, आणि दहा वेळा बजावून गेली, "आजी, फॅक्ट्स. ओन्ली फॅक्ट्स."

मी पडद्यापुढे माइक घेऊन उभी राहिले. निम्मे लोक आत, निम्मे बाहेर लॉबीत बटाटेवडे खातायत. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. पुढच्या रांगेत मारिएटाबाई, शेजारी कोबस, वर्षभराच्या बैठकांत शिकलेल्या मराठीच्या जोरावर माझं बोलणं तिच्या कानात भाषांतर करत.

"मंडळी, या नाटकाचा पहिला प्रयोग लोकरीच्या गोदामात झाला," मी म्हटलं. हे अगदी खरं, बाईनंच मला सांगितलेलं. "त्या काळी शहामृग जिवंत असायचं. पहिल्या अंकात त्यानं हिरोचा टोप गिळला. दुसऱ्या अंकात प्रॉम्प्टरचा चष्मा. त्यामुळे प्रॉम्प्टरला दिसेना, हिरोला पाठ येईना, आणि शेवटचा अर्धा तास एकटं शहामृगच बोललं. लोक म्हणाले, काय अप्रतिम अ‍ॅक्टिंग! पुढे एका गावी लोक इतके हसले, इतके हसले, की गोदामाचा पत्रा वर उचलला गेला आणि खाली येताना शेजारच्या चर्चवर बसला. पाद्रीबुवा संतापून आले, तर तिकीट काढून पहिल्या रांगेत बसले."

हॉल खिदळत होता. विंगेतून इला हातवारे करत होती, थांब, थांब. मारिएटाबाईचा चेहरा मात्र पेपर तपासत असल्यासारखा.

तेवढ्यात घंटा झाली. साधी नाही, कान फाडणारी. भिंतीवरचे पांढरे दिवे चमकायला लागले.

आता अमेरिकेतल्या कुठल्याही पोराला विचारा. असा आवाज झाला की उठायचं आणि बाहेर पडायचं. पण आमची माणसं! लॉबीतली सगळी धावत आत आली. हातात वड्याच्या प्लेटी, तोंडात घास. "चला चला, तिसरी घंटा झाली!" धडाधड खुर्च्या भरल्या. एक काकू दिव्यांकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, लाइटिंग काय झकास केलंय या वेळी!" आणि सगळे मांडीवर प्लेटी घेऊन पडद्याकडे बघत बसले. तो आवाज बंद होईना तेव्हा मागून एक जण ओरडला, "अहो, झाली तिसरी घंटा, करा आता सुरू!"

झालं होतं असं. मंडळाचे अध्यक्ष मनोहरकाका, तेच नाटकातले मामा. नटराजाची पूजा त्यांच्या हाती. इलानं त्यांना बॅटरीवरची पणती दिली होती. काका म्हणाले, "बॅटरीवर नटराज चालतो का यार?" आणि घरून आणलेला धुपाचा निखारा बरोब्बर स्मोक डिटेक्टरच्या खाली ठेवून फुंकला.

इला स्टेजवर धावत आली, माझ्या हातातून माइक ओढला. "काका, काकू, प्लीज! ही घंटा नाहीये, फायर अलार्म आहे! सगळे बाहेर!"

"मग तिसरी घंटा कधी?" पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

सगळे पार्किंग लॉटमध्ये आलो. ऑक्टोबरचं ऊन, पण वारा बोचरा. फायर ब्रिगेडच्या दोन गाड्या आल्या. दोनच, मी मुद्दाम मोजल्या, नाहीतर माझ्या तोंडून दहा निघतील. त्यांची कॅप्टन एक उंच बाई, इलाला म्हणाली, पूर्ण बिल्डिंग तपासू, अलार्म रीसेट होईपर्यंत कुणी आत जायचं नाही. तासभर धरा.

मनोहरकाकांनी घड्याळ बघितलं. चेहरा पडलेला, पण अध्यक्षपण शाबूत. "इला, सहाला हॉल सोडायचाय. बेटा, पाठलाग कट करू. कुणाला कळणार आहे?"

"काका, त्यांना कळणार आहे," इला म्हणाली. मारिएटाबाई थोड्या अंतरावर कोट घट्ट धरून उभी होती, नजर आमच्यावरच. "पाठलाग गेला की सगळं गेलं. आणि सगळं ठेवलं तर सहाला संपत नाही. आय अ‍ॅम डन, आजी."

तिचे ओठ थरथरायला लागले. लहानपणी सायकलवरून पडली की रडू दाबायची, अगदी तशी.

तेवढ्यात गाड्यांच्या मधून शहामृग आलं. म्हणजे विवेक, नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, सव्वासहा फूट. अलार्म वाजला तेव्हा पूर्ण ड्रेसमध्ये होता, चेन अडकली म्हणून तसाच बाहेर पडलेला. आतून काही धड दिसत नव्हतं बिचाऱ्याला. वाट शोधता शोधता त्यानं ती लांब मान फायरच्या गाडीच्या खिडकीतून आत घातली. आतला ड्रायव्हर सँडविच खात होता. तो असा किंचाळला की सँडविच बाहेर उडालं, आणि अख्ख्या पार्किंग लॉटमध्ये हशा पिकला.

इला बघत राहिली. मग नाक पुसलं. "काका, पहिला अंक कुठे होतो?"

"कुठे म्हणजे? शेतावर. अंगणात."

"मग हे अंगण. आत्ता सुरू करायचं. लाइट नको, सेट नको. पहिला अंक इथे, आत सोडलं की दुसरा हॉलमध्ये. एक वाक्य कट नाही."

"माइक?"

"काका, तुम्ही काकूंशी फोनवर बोलता ते अख्ख्या नोव्हायला ऐकू येतं."

काका हसले, पागोटं नीट केलं, आणि माझ्याकडे वळले. "मावशी, घंटा?"

मी कॅप्टनबाईकडे गेले. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं, तुझ्या गाडीला भोंगा आहे ना, एकदा छोटासा वाजव, त्याशिवाय आमचे लोक नाटक बघत नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं, शहामृगाकडे बघितलं, आणि वाजवला.

काय प्रयोग झाला म्हणून सांगू! लोक गाड्यांच्या बॉनेटवर, डिकीत, गवतावर. मामा अंगठी शोधतायत, भाची रडतेय, सासरची मंडळी खऱ्याखुऱ्या मिनीव्हॅनमधून उतरली. पाठलाग सुरू झाला तसं शहामृग खरंच सुटलं, दोन गाड्यांना वळसा घालून फायरवाल्यांच्या मधून. त्यांतल्या एकानं मराठीचा म कळत नसताना बोट दाखवून मामांना सांगितलं, तिकडे गेलं! पुस्तकात नसलेलं तेवढं एकच वाक्य.

मी मात्र मारिएटाबाईवर नजर ठेवून होते. आधी ओठ दाबून उभी. मग खांदे हलायला लागले. मग तिनं कोबसचा दंड धरला, आणि भाषांतर करणाऱ्या त्याच्या तोंडावर हात ठेवला. नको म्हणाली, कळतंय मला.

दुसरा अंक आत झाला. सहाला पाच मिनिटं होती, पडदा पडला. सगळे इलाला मिठ्या मारत होते आणि तिचं लक्ष फक्त त्या बाईकडे. बाई स्टेजपाशी आली, पण आधी माझ्यासमोर उभी राहिली.

"चर्चवर पत्रा," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी अशी थाप मारताना अख्खं चर्चच उडवलं असतं."

मग इलाकडे वळली. आवाज खाली आला. कोबस हळूहळू सांगत होता, मला समजलं तसं लिहिते. म्हणाली, लहानपणी मी वडिलांबरोबर गावोगाव हे नाटक बघायला जायचे. हॉलमध्ये फक्त गोऱ्यांना बसता यायचं, तसा कायदाच होता. शेतावर राबणारे लोक बाहेर खिडकीखाली उभे राहायचे. भाषा त्यांचीही हीच. विनोद झाला की बाहेरून हसू आधी यायचं, मग आतून. वडील रात्री जेवताना एकदा म्हणाले, ज्यांना सगळ्यात आधी कळलं, त्यांना मी बसायला खुर्ची नाही देऊ शकलो. आज पहिल्यांदा हे नाटक सगळ्यांनी एकाच अंगणात बघितलेलं मी पाहिलं.

या गोष्टीला मी माझ्या पदरचा एक शब्द जोडलेला नाही.

"तुझं नाटक," बाई इलाला म्हणाली. "श्रूजबरीला ने. हवं तिथे ने. फक्त त्या मुलाला दिसेल अशी भोकं पाड शहामृगाला."

इलानं तिला घट्ट मिठी मारली. बाईची पाठ पहिल्यांदा वाकली. मग पोरगी स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली, "आजी, काही उरलंय का गं?" म्हणाली. मी वड्यांचा ट्रे तिच्या मांडीवर ठेवला. गार झालेले, तेल सुटलेले. मारिएटाबाई शेजारी बसली, तिनंही एक उचलला. दोघी खात होत्या, आणि मागे मनोहरकाका विवेकची चेन ओढत होते.