काठोकाठ प्याला

खासदार सुयुनबेक टीव्हीवर म्हणाले की पुरुषावर प्रेम करणारा पुरुष म्हणजे परदेशातून आलेली कीड. आपल्या नारिन गावात असला एकही नाही, आणि सापडलाच तर हाकलून देऊ. तेव्हा माझा दादा, एलझात, शेजारीच बटाटे सोलत बसला होता. सोललेलाच बटाटा त्याने पुन्हा सोलायला घेतला.

दादाचं हे आई आणि मी सोडून कुणाला ठाऊक नाही. आई त्यावर एक शब्द बोलत नाही, फक्त त्याच्या ताटात मांस जास्त वाढते.

राजधानी बिश्केकच्या मानवी हक्क संघटनांनी दोनच दिवसांत जाहीर पत्र काढलं: खासदारांनी शब्द मागे घ्यावेत, माफी मागावी. दोनशे चौदा सह्या, त्यांत नारिनची एकही नाही. सुयुनबेकना तेच हवं होतं. बघा, म्हणाले, माझ्या गावाला हे पत्र नको आहे. मग गुलसून मावशी पत्र घेऊन दारोदार फिरली. ती इथे बायकांचं मदतकेंद्र चालवते, त्यामुळे तिला नाही म्हणणं अवघड; लोकांनी चहा दिला, जर्दाळू दिले, सही तेवढी दिली नाही. मी पेन उघडूनच बसले होते, पण अठराच्या आतल्या सह्या चालत नाहीत म्हणे.

दादाने फोनवरून रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. जायचं ते कायमचं.

"खासदार बरोबर बोलतोय, सेझिम. या गावात माझं कुणी नाही."

"आणि मी काय मेंढी आहे?" मी म्हणाले. तो हसला, पण तिकीट काही रद्द केलं नाही.

शुक्रवारी तेच खासदार आमच्या शाळेच्या नव्या व्यायामशाळेची फीत कापायला आले. चहा ओतायचा मान माझा, कारण वक्तृत्वात मी पहिली आले होते आणि मुख्याध्यापिकांच्या मते माझा हात थरथरत नाही. खरंच नाही थरथरला.

आम्हा किर्गिझांकडे पाहुण्याचा प्याला कधी पूर्ण भरत नाहीत. दोन घोट ओतायचे, संपले की पुन्हा दोन. म्हणजे तो बसून राहावा असं आपल्याला वाटतं. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: प्या आणि निघा.

मी सगळ्या शिक्षकांना दोन-दोन घोट ओतले. खासदारांचा प्याला मात्र असा भरला की चहा काठावर फुगून थरथरत उभा राहिला.

सुयुनबेक हसले, म्हणाले, पोर नवखी आहे, चुकली. सुटायची वाट त्यांनीच दाखवली होती. मुख्याध्यापिका तर डोळ्यांनी माझ्या पाया पडत होत्या.

"चुकले नाही, साहेब," मी म्हणाले. "तुम्ही ज्यांना हाकलायला निघालात ते इथलेच आहेत. ते कुठे जाणार नाहीत. तुम्ही या आता."

ते उठले. बाजूला ठेवलेली टोपी तिथेच विसरून निघून गेले.

मुख्याध्यापिकांनी उद्या पालकांना घेऊन ये, नाहीतर शाळेतून नाव काढते, असं सुनावलं. पण इतिहासाच्या तोक्तोबुबू बाई शाळेतून थेट मावशीच्या केंद्रात गेल्या. आदल्या आठवड्यात याच बाईंनी मावशीला दारातून परत पाठवलं होतं. आता त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, खाली शाळेचा पत्ताही. संध्याकाळपर्यंत नारिनच्या सात सह्या झाल्या. मावशीने त्या सह्यांचा फोटो मला पाठवला, मी तो दादाला दिला. तो बराच वेळ एकेक नाव मोठं करून बघत होता.

शनिवारी सकाळी आई शाळेत यायला घाबरत होती. खासदाराच्या भाषणापासून दादा दोन आठवडे घराबाहेर पडला नव्हता; तो आता तिच्याऐवजी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा राहिला. आम्ही मधल्या गल्लीने नाही, बाजारातून, मोठ्या रस्त्याने गेलो. मुख्याध्यापिकांनी विचारलं, हिचं कोण आलंय?

"मी," दादा म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. "आणि तिने काहीही चुकीचं केलेलं नाही."